हॉलच्या भिंतीला घाई नको

लालबाग,
13 जुलै

चि. रेश्मास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नव्या घराचा हॉल रंगवायचा विषय निघाला आणि रविवारी फोनवर माझा आवाज चढला. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतेय. "बाबा, कॉन्ट्रॅक्टर बघेल सगळं, तुम्ही नका त्यात पडू," असं तू म्हणालीस आणि मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा डोक्यात आलं की पोरगी माझ्या खांद्याची काळजी करत होती. पण तोवर बोलून गेलो होतो. फोनवर माझं नेहमी असंच होतं, म्हणून लिहायला बसलो.

पत्रात फक्त रंगाचं लिहायचं ठरवलंय. पश्चिमेच्या भिंतीचा विषय काढणार नाही.

तू पाठवलेला शेड कार्डचा फोटो पाहिला. निळसर झाक असलेला पांढरा. रंग वाईट नाही. पण तुझ्या हॉलची खिडकी उत्तरेला आणि समोर पंधरा फुटांवर दुसरी बिल्डिंग. उत्तरेचा उजेड मुळात थंड. दिवाळीपासून होळीपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्या खिडकीत ऊन येणारच नाही. आपल्या मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेला सरकतो आणि जुलै संपता संपता परत डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. ते दोन शून्य सावलीचे दिवस. त्या मधल्या काळात काय ते तुला ऊन मिळायचं, पण तेव्हा आभाळ भरलेलं. अशा खोलीत निळसर पांढरा लावला की तो पांढरा राहत नाही, राखेसारखा दिसतो. दादरला एका वकिलांच्या ऑफिसात मी हे केलंय. त्यांनी हट्टाने पांढराशुभ्र मागितला, आम्ही दिला, आणि चौथ्या दिवशी ते विचारायला लागले की जुनाच रंग परत मारलात का. त्यावर पिवळसर झाकेचा एक हात दिला तेव्हा खोली उजळली.

तू मोतिया घे. नाहीतर हस्तिदंती. बदामीपर्यंत जाऊ नकोस, चार भिंतींवर तो जड होईल. कार्डावर बोटभर चौकोन दिसतो तेवढा रंग हॉलभर पसरला की गडद वाटतो, तेव्हा आवडलेल्या शेडच्या एक घर आधीची, म्हणजे फिकी शेड धरायची. काही कार्डांवर एलआरव्ही असा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. काळ्याला 0, शुद्ध पांढऱ्याला 100. तुझ्या हॉलला 75 च्या आसपासचा बघ. छत मात्र पांढरंच ठेव.

आणि मोबाइलवर बघून रंग ठरवू नकोस. छोटा डबा आण, भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा तुकडा दोन हात देऊन रंगव आणि पूर्ण वाळू दे. प्लास्टिक रंग ओला असताना फिका दिसतो, वाळला की थोडा गडद होतो. मग सकाळी बघ, दुपारी बघ, रात्री दिवे लावून बघ. दिव्याच्या खोक्यावर 6500 लिहिलेलं असेल तर तो निळसर उजेड, 3000 असेल तर पिवळसर. एकच मोतिया दोन्हींत दोन वेगळे रंग वाटतो. अजून एक, जे शेड कार्ड सांगणार नाही. समोरच्या बिल्डिंगने पावसासाठी निळी ताडपत्री बांधलीय ना? मी त्या दिवशी बघितलं, तिचा निळा उजेड तुझ्या छतापर्यंत येत होता. आत्ता रंग निवडलास तर ताडपत्रीच्या उजेडात निवडशील. ऑक्टोबरात ती निघाली की भिंत वेगळीच दिसेल.

तेवढ्यासाठी तरी थांब. आणि त्या भिंतीसाठी.

नाही लिहायचं म्हटलं होतं, पण आलंच. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्या बाजूची बाहेरची भिंत चार महिने पाणी पीत असते. सोफ्यामागे कमरेएवढ्या उंचीवर रंग फुगलाय तिथे मी नखाने दाबून पाहिलं तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. पोपडा निघाला, त्याखाली मिठासारखी पांढरी भुकटी होती आणि बोटाला गार लागलं. म्हणजे भिंत आतून ओली आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल पत्रीने खरवडू, लांबी (पुट्टी) भरू, डॅम्पप्रूफ मारू, गणपतीआधी हॉल चकाचक. मारेलही. दिवाळीपर्यंत टिकेल, मग परत फुगेल. प्लास्टिक रंग म्हणजे भिंतीवर चढवलेला रेनकोट. आतलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही. आपल्या चाळीतल्या भिंती चुन्याच्या होत्या, त्या ओल ओढायच्या आणि सोडायच्याही. म्हणून चाळीत गळती असूनही पोपडे कमी असायचे.

भाषण झालं. तुला राग येईल, मला कळतंय. तू शिकलेली आहेस, सुमेधही विचार करून चालणारा आहे. पण रेश्मा, तिथे ओवी झोपते. सोफा उघडला की तिचं डोकं त्या भिंतीला लागतं. आणि मागच्या महिन्यात तिला दोनदा वाफ द्यावी लागली, हे मला तू नाही, तुझ्या आईने सांगितलं.

आता तुला माहीत नाही ते लिहितो.

तू पहिलीत होतीस. त्या वर्षी आपल्या खोलीत पहिल्यांदा गणपती बसणार होता. मलबार हिलच्या एका कामावरून अर्धा डबा पिस्ता रंग उरला होता, साहेबांनी घेऊन जा म्हटलं. चाळीत कोणाच्या खोलीला प्लास्टिक रंग नव्हता. कपाटामागची भिंत ओली होती, मला दिसत होती. दिसत असून मी एका दिवसात खरवडली, लांबी भरली, संध्याकाळपर्यंत दोन हात मारून मोकळा झालो. बाहेर धो धो पाऊस. शेजारपाजारचे बघायला आले. आनंदीकाकू म्हणाली, हॉटेलात आल्यासारखं वाटतंय. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

गौरी आल्या त्या रात्री तुझा श्वास लागला. बाळदमा तुला आधीपासून होता, पण एवढा कधी नव्हता. खांद्यावर टाकून परळला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात ओल आहे का? मी नाही म्हणालो. तुझी आई बाहेर केसपेपर काढत होती, तिने ऐकलं नाही. मी रंगारी माणूस, माझ्या घराची भिंत मीच रंगवलेली, आणि मी नाही म्हणालो. घरी येऊन कपाट ओढलं तर मागे तुझ्या उशीच्या उंचीवर काळे ठिपके, हात फिरवला तर बोटं काळी झाली. विसर्जनानंतर तो पिस्ता खरवडून काढला आणि भिंत उघडी ठेवली. दिवाळीत चुना भिजवून, गाळून, त्यात चिमूटभर नीळ घालून मारला. तुझा त्रास त्या भिंतीमुळेच झाला असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. हवा बदलली, धूळ होती, माझ्या कपड्यांवर रोज लांबी घासल्याची भुकटी असायची आणि तू मी आल्या आल्या अंगावर चढायचीस. कशामुळे झालं कोण सांगणार. पण भिंत फुगलेली बघितली की मला तीच रात्र दिसते. रविवारी मी ओरडलो ते त्यामुळे. तुझ्यावर नाही ओरडलो गं.

तू मला गट्टू म्हणायचीस, आठवतं? एशियन पेंट्सच्या पाटीवर हातात ब्रश आणि डबा घेतलेला तो पोरगा. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला. तू सगळ्यांना सांगायचीस, माझे बाबा गट्टूच्या ऑफिसात आहेत. आज मी सगळ्यांना सांगतो, माझ्या मुलीने भांडुपला स्वतःच्या नावावर घर घेतलं. भारतमाता टॉकीजजवळच्या दुकानवाल्याला सांगून झालंय, त्याच्या मुलालाही. दुसऱ्यांचे हॉल रंगवण्यात चाळीस वर्षं गेली. तुझा हॉल रंगवायची वेळ आली तेव्हा खांदा वर जात नाही. हे तुझ्यावर ढकलत नाही, सहज लिहिलं.

एक नक्की कर. फुटभर प्लास्टिकचा कागद त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लाव आणि दोन दिवस ठेव. कागदाच्या आतून, भिंतीकडच्या बाजूने थेंब आले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरून आले तर ती खोलीतली दमट हवा. भिंतीत निघालं तर सोसायटीला लेखी अर्ज दे. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर ते बंद करणं सोसायटीचं काम आहे. पाऊस गेल्यावर बाहेरून चिरा भरून घ्यायच्या, भिंत उघडी ठेवून महिनाभर वाळू द्यायची, मग प्रायमर. बाकीच्या तीन भिंती गणपतीआधी रंगवून घे, मी काही म्हणणार नाही. चौथीसमोर मखर लाव, झाकली जाईल.

खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोणालाही कोरडा घासू देऊ नकोस. आता घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या वर चालत नाही, पण तो नियम नोव्हेंबर 2017 पासूनचा. तुझ्या खिडक्या त्याच्या कितीतरी आधीच्या. पाणी मारून घासायला सांग, आणि तेव्हा ओवीला आमच्याकडे सोड. तिची आजी वाटच बघतेय.

शनिवारी सकाळी करी रोडहून स्लो लोकल पकडून येतो. शिडीवर चढणार नाही, तुझ्या आईसमोर कबूल केलंय. मोतियाचा तुकडा तू रंगव, मी खुर्चीवर बसून बघेन. खिडकीच्या चौकटीची कड तेवढी मला मारू दे. तिला टेप लावून सरळ रेघ येत नाही, हाताने येते.

सुमेधला आशीर्वाद. ओवीला पापा.

तुझे,
बाबा

ता. क. पत्र पोचलं की सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढ आणि ओवीचं डोकं दुसऱ्या बाजूला कर. आजच कर.