न्हाणीघराच्या चुकलेल्या ढाळाबद्दल तक्रार

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दिनांक : ९ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : सात बाय पाच फुटांच्या बाथरूमच्या नूतनीकरणातील दोष, त्यामुळे झालेली दुखापत आणि दुरुस्तीची मागणी

महोदय,

आपल्या कोल्हापूर शाखेने यंदा मार्च-एप्रिलमध्ये आमच्या घरच्या न्हाणीघराचे काम केले. एकूण रक्कम १८ टक्के जीएसटी धरून २,३६,००० रुपये ठरली होती. त्यातले २,१२,४०० रुपये आम्ही वेळच्या वेळी भरले. राहिलेल्या २३,६०० रुपयांसाठी गेल्या आठवड्यात शाखेतून तीन फोन आले. २२ जूनला याच बाथरूममध्ये माझ्या सासूबाई पडल्या, हे मी दुसऱ्याच दिवशी शाखेला कळवले होते. त्यांची तब्येत कशी आहे, हे विचारायला मात्र आजवर एकही फोन आलेला नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

आमचे घर जुने. मागच्या बाजूला मोरी होती. शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, वर एक झरोका आणि दिवसाही अंधार. सासूबाईंनी सगळी हयात तिथेच पाटावर बसून आंघोळ केली. संडास परसात, पाच पायऱ्या उतरून. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. त्यानंतर पाटावर बसणे संपले आणि रात्री परसात जाणेही धोक्याचे झाले. तेव्हा मोरीच्याच पस्तीस चौरस फुटांत कमोड, बेसिन आणि आंघोळीची जागा बसवायची, असे आम्ही ठरवले. घरात पाच माणसे, जागा एवढीच. पहिल्या भेटीत मी आपल्या डिझायनरना सांगितले होते, "दिसायला कसंही असू दे, पण आईंना स्टुलावर बसून बादलीनं आंघोळ करता आली पाहिजे आणि त्यांचा पाय कोरड्या फरशीवर पडला पाहिजे." त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मी समोरच बसले होते.

जे चांगले झाले तेही लिहिते. भिंतीला छतापर्यंत एकाच फिकट रंगाच्या मोठ्या टाइल्स लावल्यामुळे नजर सांध्यांवर अडकत नाही आणि खोली उंच वाटते. बेसिन आणि कमोड दोन्ही भिंतीला टांगलेले असल्याने खालची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते, झाडू-पोतेरे सहज फिरते. आरशामागे कपाट केल्याने तेल, शिकेकाई, दाढीचे सामान सगळे आत गेले. लहान जागा मोठी वाटायला हेच करावे लागते, आणि आपल्या माणसांना ते येते. पाहुणे येतात तेव्हा दार उघडून "केवढं मोठं झालं हो" म्हणतात.

पण दिसण्याच्या या हौसेपोटीच फरशी बिघडली. मंजूर कोटेशनमध्ये जमिनीसाठी ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या मॅट, न घसरणाऱ्या टाइल्स लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात ६०० बाय ६०० च्या चकचकीत टाइल्स बसवल्या. मी हरकत घेतली तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "मोठी टाइल घेतली की जागा मोठी दिसते, वहिनी. पैसे वाढवून मागत नाही." पैशाचा प्रश्नच नव्हता. बाथरूमच्या फरशीला सगळ्या बाजूंनी जाळीकडे ढाळ द्यावा लागतो. लहान टाइल सांध्यावर थोडी थोडी वळते आणि तो ढाळ धरते. दोन फुटी टाइल वळत नाही. ती तिरकी कापून चार तुकड्यांत बसवली तरच ढाळ निघतो, आणि तसे कापले की ती अखंड दिसत नाही. आपल्या माणसांनी ती अखंड ठेवली आणि ढाळ सोडून दिला.

सासूबाई पडल्यावर आम्ही पेठेतल्याच एका जुन्या गवंड्याला बोलावून लेव्हल नळीने फरशी मोजून घेतली. दर ऐंशी ते शंभर इंचांना एक इंच, असा ढाळ लागतो. म्हणजे दारापासून जाळीपर्यंतच्या सात फुटांत साधारण इंचभर उतार हवा. आमच्याकडे दारापासून आंघोळीच्या जागेपुढच्या काचेपर्यंत फरशी सपाट आहे आणि कमोडखाली ती जाळीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खोल आहे. पाणी जाळीकडे जायचे सोडून कमोडखाली येऊन साठते. गवंडी म्हणाले, "पाण्याला जायाला वाटच ठेवली न्हाई की ओ." हे मोजमाप मी फोटोसह जोडले आहे. एप्रिलमध्येच मी पाणी साठत असल्याचे कळवले होते, त्यावर शाखेतून लेखी मेसेज आला : "वापरानंतर वायपरने पाणी ओढून घ्यावे." ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने आंघोळ झाल्यावर ओल्या फरशीवर उभे राहून वायपर ओढायचा?

काचेबद्दलही लिहायला हवे. शेवटच्या अडीच फुटांवर आठ मिलिमीटरची जाड काच उभी केली आहे. ओली जागा आणि कोरडी जागा वेगळी करणे ही कल्पना चांगली, पण ती उभ्याने शॉवर घेणाऱ्यासाठी. अडीच फुटांत स्टूल ठेवले की बादली बसत नाही, बादली ठेवली की पाठ चोळून द्यायला मला उभे राहता येत नाही. त्यामुळे सासूबाई काचेच्या अलीकडे बसायच्या, म्हणजे नेमक्या त्या सपाट भागात, जिथे जाळी नाही. बरे, शॉवर तरी घ्यावा, तर छतावरची टाकी शॉवरच्या डोक्यापासून जेमतेम सहा फूट वर आहे. दहा मीटर उंचीने एक बार दाब मिळतो, आमच्याकडे पाव बारही मिळत नाही. एवढ्या दाबावर आठ इंची रेन शॉवर नुसता ठिबकतो. टाकी कुठे आहे, हे कुणी वर चढून पाहिलेच नाही. आम्ही पाचही जण बादलीनेच आंघोळ करतो, पूर्वीही करत होतो.

२२ जूनच्या सकाळी सासूबाई आंघोळ करून उठल्या आणि दाराकडे वळताना घसरल्या. दाराच्या आतच पडल्या. मंजूर नकाशात दार बाहेर उघडणारे दाखवले आहे. बसवले आत उघडणारे, कारण बाहेर पॅसेजमध्ये उघडे दार बरे दिसत नाही, असे आपल्या सुताराने सांगितले होते. तेव्हा मी गप्प बसले, याचे मला फार वाईट वाटते. त्या दिवशी आम्ही दार ढकलले की ते त्यांच्या ऑपरेशनच्या गुडघ्यावर दाबत होते आणि त्या आतून ओरडत होत्या. झरोक्यातून कुणाला आत उतरवावे, तर तो झरोकाही आरशाच्या कपाटासाठी बुजवलेला. बाहेरून बोलत बोलत, धीर देत त्यांना इंच इंच मागे सरकायला लावले, तेव्हा वीस मिनिटांनी माझा मुलगा दाराच्या फटीतून आत शिरला. डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. अजून प्लास्टर आहे. आधाराला धरायचा दांडा होता, त्यांनी तो धरलाही होता. तो प्लास्टिकच्या गुट्ट्यांवर पोकळ वाजणाऱ्या टाइलमध्ये बसवलेला आहे, विटेपर्यंत पोचलेलाच नाही. त्यांच्या वजनाने तो गुट्ट्यांसकट उपटून हातात आला.

झरोका बुजवल्याचा आणखी एक परिणाम आता आषाढाच्या झडीत दिसतो आहे. सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवला आहे, पण दाराखाली फट नाही. हवा आत येणार नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? भिंती दिवसभर घामेजलेल्या असतात, आणि बाथरूमला लागून असलेल्या खोलीत भिंतीच्या तळाला वीतभर ओल चढली आहे. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर निदान फूटभर चढवायला हवा होता, मग जाळीला दट्ट्या मारून ४८ तास पाणी भरून ठेवायला हवे होते. ही चाचणी कोटेशनमध्ये लिहिलेली आहे आणि तिचे पैसेही लावले आहेत. आमच्याकडे थर संध्याकाळी मारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टाइल्स लावायला सुरुवात झाली. साबण ठेवायच्या कोनाड्याचा उतारही भिंतीकडे आहे, तेही त्याच वेळी दुरुस्त व्हावे.

माझी मागणी अशी आहे. जमिनीच्या टाइल्स काढून ढाळ नव्याने काढावा, वॉटरप्रूफिंग पुन्हा करून ४८ तासांची चाचणी आमच्यासमोर घ्यावी आणि कोटेशनमधल्याच मॅट टाइल्स लावाव्यात. कमोडच्या बाजूला दुसरी जाळी द्यावी. काच काढून घ्यावी, तिथे साधा पडदा आम्हाला चालेल. दार बाहेर उघडणारे करावे, त्याला खाली फट ठेवावी आणि झरोका मोकळा करावा. आधाराचे दोन्ही दांडे विटेत धातूच्या बोल्टने पक्के करावेत. आणि औषधोपचाराचे ११,४५० रुपये द्यावेत, बिले जोडली आहेत. या कामाचे वेगळे पैसे आम्ही देणार नाही. उरलेले २३,६०० रुपये काम मनासारखे झाले की त्याच दिवशी देऊ, एक रुपयाही ठेवणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम सुरू झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करेन. वाद पुण्याच्या न्यायालयात चालेल, असे आपल्या करारात छापले आहे. पण ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क हा कायदाच देतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही मी नोंद करणार आहे. खरे सांगायचे तर मला आयोगाकडे जायचे नाही. तिथे तारखा पडत राहतील आणि तोवर सासूबाईंना आंघोळीला जागा नसेल.

पडल्यापासून त्या नव्या बाथरूममध्ये पाऊल टाकायला तयार नाहीत. काम करताना मोरीतून निघालेल्या शहाबादी फरश्या परसात रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या चार माझ्या मुलाने परसातच ढाळावर बसवल्या आणि वर ताडपत्री बांधली. भर पावसात रोज तिथे स्टुलावर बसवून मी त्यांना आंघोळ घालते. त्या खरबरीत फरशीवर त्यांना भीती वाटत नाही.

पाहणीला आपला माणूस कोणत्याही दिवशी आला तरी चालेल, मी रजा घेईन. फक्त सकाळी दहाच्या आत पाठवू नका. बाथरूम मागच्या बाजूला, परसालगतच आहे, आणि तेव्हा आईंची आंघोळ चालू असते.

आपली ग्राहक

सोबत : कोटेशन व मंजूर नकाशाची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, शाखेच्या मेसेजचा छापील उतारा, फरशीच्या मोजमापाचे फोटो, औषधोपचाराची बिले.