ताप आला तर पहिल्याच दिवशी सांग

सोलापूर,
शुक्रवार, रात्र

चि. ओंकार यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

विजूकाका उद्याच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येतायत. त्यांच्यासोबत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि हे पत्र पाठवते आहे. भाकरी मोडल्या तरी टाकू नकोस, भिजवून खाता येतात.

तू दक्षिण सुदानच्या नोकरीसाठी निघालास तेव्हा बाबा खाली आले नाहीत, ते मनाला लावून घेऊ नकोस. दोन दिवस दुकानातही धड बसले नाहीत. रात्री मोबाईलवर दक्षिण सुदानच्या बातम्या लावतात आणि मी आले की बंद करतात. २०१६ च्या जुलैत तिथल्या राजधानीत, जुबात, गोळीबार झाला होता आणि आपल्या वायुदलाची विमानं जाऊन लोकांना घेऊन आली होती, ते कुठूनसं शोधून काढलंय. 'संकटमोचन' नाव होतं म्हणे त्या मोहिमेचं. मी म्हटलं, बघा, आणलं की नाही सरकारने परत? तर म्हणाले, "आणायची वेळ का यावी?" यावर मी काय बोलणार!

बाबांना गोळीची भीती आहे. मला तुझ्या तापाची आहे. एवढंच लिहायला बसले होते खरं तर, पण आता लांबणार असं दिसतंय.

तू दुखणं लपवतोस. लहानपणापासून लपवतोस. नववीत होतास तेव्हा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आदल्या दिवशी अंग फणफणलेलं असताना पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागे सगळं गाव फिरलास. अडुसष्ट लिंगं पुरी केलीस आणि संमती कट्ट्यापाशी येऊन खाली बसलास. आत्याने कपाळाला हात लावला म्हणून कळलं. हॉस्टेलला कावीळ झाली तेव्हाही तसंच. परीक्षा संपेपर्यंत फोनवर "मी मस्त आहे", आणि घरी आलास तो डोळे हळदीसारखे घेऊन. अक्का अजून त्यावरून बोलते. इथे ते निभावलं, कारण इथे कोणाचा ना कोणाचा हात तुझ्या कपाळापर्यंत पोहोचायचा.

तिकडे, तू राहणार त्या मलाकालमध्ये, कोण लावणार आहे?

मी आयुष्यभर आरोग्य उपकेंद्रात तापाचे रक्तनमुने घेतले. गावोगावच्या भिंतींवर 'कोणताही ताप हिवताप असू शकतो' असं रंगवलेलं असायचं, तू ते मोठ्याने वाचायचास. आपल्याकडे बहुतेक वेळा पीव्ही, म्हणजे सौम्य जातीचा हिवताप निघायचा, माणूस कुडकुडायचा, गोळ्या घ्यायचा आणि आठवड्यात शेतावर जायचा. तिकडे मुख्यतः पीएफ आहे, म्हणजे घातक जातीचा. तो थेट मेंदूत जातो, किडनीवर जातो. सकाळी अंग दुखतंय म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी बेशुद्ध झालेला असू शकतो. तेव्हा "आजचं काम उरकतो, उद्या बघू" हे तुझं नेहमीचं वाक्य तिथे चालणार नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुन्हा तपासायचं. एका निगेटिव्हवर निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत.

हिवताप टाळायची ती डॉक्सीची गोळी रोज घ्यायची. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं पडायचं नाही, घशाखाली जळजळतं. त्या गोळीने ऊन बाधतं, तेव्हा टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. तो देश सोडल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. लोक विमानात बसले की गोळ्या सोडून देतात. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचायची. गोळी घेत असलास तरी ताप आला तर तपासायचंच, गोळी म्हणजे हमी नव्हे.

पिवळ्या तापाचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेव. ती लस आता जन्मभर धरतात, पण परत येताना विमानतळावर कार्ड दाखवता आलं नाही तर आपलेच लोक अडकवून ठेवतील. साचलेल्या पाण्यात, नदीच्या काठाला उघड्या पायांनी उतरू नकोस. गोगलगायींमधून येणारा कृमी तिथे कातडीतून शिरतो. तुझं कामच पाण्याचं, म्हणून सांगते. गमबूट लागतील. आणि तुझ्या विमा पॉलिसीत युद्ध वगळलेलं आहे का ते बाबांनी विचारायला सांगितलंय. माझ्या नावावर विचार म्हणाले, तू मात्र त्यांनाच सांग.

बघ, लेक्चर झालं. तुझ्या ऑफिसने हे सगळं तुला शिकवलंच असेल, दोन दिवसांचं ट्रेनिंग त्यासाठीच आहे. रागावू नकोस. सत्तावीस वर्षांच्या इंजिनिअरला मच्छरदाणी कशी खोचायची ते सांगतेय, मला कळतंय.

पण मला तू दिसतोस तो सात-आठ वर्षांचा, पंढरपूरच्या वारीच्या ड्युटीवर माझ्यासोबत आलेला. तुला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून नेलं होतं. मी बादलीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर कालवायचे, वरचं निवळलेलं पाणी विहिरीत सोडायचे आणि तू क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टची नळी उजेडात धरून "पिवळं आलं, पिवळं आलं" म्हणून ओरडायचास. एका वारकरी आजोबांनी तुला विचारलं, काय रे, पाणी पिऊ का? तू पुन्हा नळी बघितलीस आणि मग "प्या" म्हणालास. मला त्या दिवशी जे वाटलं होतं ते कोणाला सांगता येत नाही. जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं त्या गावचा मुलगा दुसऱ्या देशातल्या छावणीला पाणी द्यायला चाललाय. शेजारी विचारतात तेव्हा मी हे ताठ मानेने सांगते. २०२४ मध्ये तिथल्या रेंक गावात कॉलरा निघाला आणि तिथून देशभर पसरला, हजारावर माणसं गेली. उत्तरेकडच्या सुदानातल्या युद्धातून पळून आलेले लोक, पुराचं पाणी, संडास नाहीत. अशा ठिकाणी नळाला क्लोरीन उतरतंय की नाही हे बघणारा माणूस किती जीव वाचवतो, ते मला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून मी तुला जाऊ नकोस म्हटलं नाही, म्हणणारही नाही.

बाबा परवा भैय्या चौकावरून आले आणि म्हणाले, डॉ. कोटणीसांच्या घरच्यांनी १९३८ साली त्यांना कसं जाऊ दिलं असेल? तेही सत्तावीस वर्षांचेच होते. तुला शाळेतून आपण स्मारकात घेऊन गेलो होतो, तेव्हा बाबांनीच तुला सगळी गोष्ट सांगितली होती. सोलापूरचा माणूस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. आता तेच बाबा "परत आले नाहीत ना" एवढंच म्हणतात. मला मात्र त्या गोष्टीतलं दुसरंच आठवतं. एवढं मोठं युद्ध चालू असताना गोळी नाही लागली त्यांना. फिट्सचा आजार अंगात घेऊन काम करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात त्यातच गेले. बत्तीस वर्षांचे होते, मुलगा काही महिन्यांचा. इतका मोठा डॉक्टर! स्वतःचं दुखणं मागे ठेवलं. कोणी जबरदस्तीने निजवलं असतं त्यांना तर, असं मला सारखं वाटतं.

म्हणून पुन्हा तेच सांगते. काम थांबेल, लोक काय म्हणतील, बाबांना "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायला मिळेल, म्हणून ताप लपवू नकोस. मलाकालला शांतिसेनेत आपल्या लष्कराचं हॉस्पिटल आहे, तिथवर कसं पोहोचायचं आणि तुम्हाला तिथे घेतात का, हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेव. नैरोबीला हलवायची वेळ आली तर विमान कोण ठरवणार, हेही विचार. जुबातल्या आपल्या दूतावासात उतरल्या उतरल्या नाव नोंदव. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या जोंगलेईत शांतिसेनेतले आपले पाच जवान मारले गेले, ती बातमी बाबांनी मला वाचून दाखवली. निळ्या टोपीवाल्यांवरही गोळ्या चालतात तिथे. ऑफिसने संध्याकाळी बाहेर पडू नका म्हटलं की पडायचं नाही, रस्त्यावर नाका असला की गाडीतून फोटो काढायचा नाही, हुज्जत घालायची नाही. तुला अन्याय दिसला की बोलायची सवय आहे. चांगली सवय आहे. तिथे जरा गिळ.

परत आल्यावर महिन्याने, अगदी सहा महिन्यांनीही ताप आला, तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच, "मी दक्षिण सुदानहून आलोय." इथे सगळे डेंग्यू शोधत बसतील.

बाबांना मुंबईहून निघायच्या आधी तू फोन कर. ते करणार नाहीत, पण वाट बघतील. पॉलिसीचं विचारायचं निमित्त आहेच.

तुझी,
आई

ता. क. तुझ्यासोबत खोलीत जो कोणी राहणार आहे, त्याचा नंबर मला पाठव. त्याला मराठी, हिंदी येत नसेल तरी चालेल. मी फक्त "ओंकार, फीवर?" एवढंच विचारीन.