ख्रिसमस ट्रीचा शेंडा छाटू नका

माननीय संपादक,

नाताळ झाला, नक्षत्रं उतरवली, आणि परवा आमच्या कॉलनीत कचऱ्याच्या डब्याजवळ दोन ख्रिसमस ट्री कुंडीसकट टाकलेले दिसले. झाडं चांगली जिवंत होती हो, घरात उजेड न मिळाल्यामुळे फक्त खालच्या फांद्या पिवळ्या पडलेल्या. एक मी उचलून आणलं. दुसऱ्याचा शेंडाच मोडला होता, ते बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

हे झाड म्हणजे अरौकेरिया, मूळचं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या नॉरफोक बेटावरचं, त्यामुळे खारा वारा त्याला सोसतो आणि आपल्या गोव्यात ते छान वाढतं. पण लोक दीड फुटाचं रोप बघून भुलतात आणि गेटजवळ नेमकं विजेच्या तारेखाली लावतात. मूळ बेटावर हे झाड 50 मीटरच्याही वर जातं, इथे तेवढं नाही गेलं तरी दोन मजली घर ओलांडायला त्याला वेळ लागत नाही. मग तारेला लागतं म्हणून शेंडा उडवायचा, कारण आपल्याला शेवगा छाटायची सवय, छाटला की परत फुटतो. याचं तसं नाही. मधला शेंडा एकदा गेला की एकावर एक छत्र्या ठेवल्यासारखा तो आकार परत येत नाही, खोडातून फुटलंच तर दोन-तीन वाकडेतिकडे शेंडे येतात, आणि बाजूची फांदी कापून लावली तर ती रुजूनही आडवीच वाढते. आमच्या अंगणातल्या झाडाचा शेंडा घर रंगवताना शिडीला आड येतो म्हणून कामगाराने कापला, मी बाजारातून येईपर्यंत काम झालं होतं, अजून त्या झाडाकडे बघितलं की जीव तुटतो.

मोरपंखीचंही तेच. लहानपणी हिचं पान विद्या म्हणून वहीत ठेवायचो आपण, आणि आता सोसायट्यांत तिची कुंपणं करून मशीनने आतल्या तपकिरी काड्या दिसेपर्यंत कापतात. त्या जुन्या काडीला नवीन पान फुटत नाही, भोक पडतं ते कायमचं. त्यात खड्डा भरलेला असतो बांधकामाच्या चिऱ्यांच्या तुकड्यांनी आणि सिमेंटने, पावसात चार महिने पाणी तुंबतं, मुळं कुजतात, झाड पिवळं पडतं आणि माळी म्हणतो पाणी कमी पडलं, अजून घाला!

नर्सरीवाल्यांनी विकताना झाड केवढं होणार ते सांगावं, पंचायती आणि पालिकांनीही लावण्याआधी एकदा मान वर करून तारा बघाव्यात. घरात ठेवलेलं झाड एकदम कडक उन्हात काढू नका, करपतं, आधी आठ-दहा दिवस आंब्याखाली ठेवा. आणि नकोच असेल तर कचऱ्यात टाकण्याआधी जवळच्या शाळेत, चर्चमध्ये नाहीतर देवळात विचारून बघा, तिथे मोकळं आवार असतं.

एक वाचक, फोंडा