नवऱ्याची सही कायदा मागत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीत स्वयंपाकाची कामे करणाऱ्या एका बाईंना गेल्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा दिवस गेले. पदरात दोन मुले, नवरा मालट्रकवर चालक आणि महिन्यातले वीस दिवस परमुलखात, त्यामुळे हे मूल नको असे त्यांनी पूर्ण विचारांती ठरवले. मी त्यांच्यासोबत शहरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात गेले तेव्हा आठवा आठवडा चालू होता. तपासणी झाली आणि नवऱ्याची सही व आधार कार्ड आणल्याशिवाय पुढे काही करता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. नवरा परतेपर्यंत अकरावा आठवडा लागला होता. जे गोळ्यांवर भागले असते त्यासाठी क्युरेटिंग करावे लागले, कामावरचे खाडे पडले आणि उसनवारी झाली ती वेगळीच. हे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे, आणि सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती पुरेशी आहे, हे त्यात पहिल्यापासून स्पष्ट लिहिलेले आहे. पालकाची लेखी संमती लागते ती मुलगी १८ वर्षांखालील असेल किंवा स्त्रीला मानसिक आजार असेल तेव्हाच. ठरवून दिलेल्या संमतीपत्राच्या नमुन्यावर पतीच्या सहीला जागासुद्धा नाही. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणातील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून तेथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला. कुटुंबाची संमती, जादा कागदपत्रे, न्यायालयाची परवानगी अशा ज्या अटी डॉक्टर पदरच्या घालतात त्यांना कायद्याचा आधार नाही, हेही त्याच निकालात सांगितले आहे. इतके सगळे असूनही पुण्यासारख्या शहरात एका बाईचे तीन आठवडे एका सहीपायी जातात, याचा मला मनस्वी संताप येतो.

डॉक्टरांची बाजू मी समजू शकते. स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणाने गर्भपात करणे हा, तिची संमती असली तरी, पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ३१२ खाली गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा या गुन्ह्याला केलेला अपवाद आहे, म्हणजे डोक्यावर टांगती तलवार कायमच. उद्या सासरची माणसे येऊन भांडली तर काय, या धास्तीने सही मागितली जाते. परंतु डॉक्टरांच्या धास्तीची किंमत त्या बाईने का मोजावी?

गोंधळाचे आणखी एक मूळ आपल्या भाषेत आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपण इतकी वर्षे भिंतींवर रंगवला की गर्भपात म्हणजेच हत्या, असा समज घट्ट बसला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा; मला दोन्हींचा अभिमान आहे आणि त्यांची अंमलबजावणी कडकच हवी. तथापि ते कायदे लिंग तपासण्याला व निवडण्याला मनाई करतात. ज्या स्त्रीला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचेच नाही, तिच्याकडे संशयाने पाहण्याचा अधिकार ते कोणालाही देत नाहीत.

याच पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडलेल्या विधवेने तेथे गुपचूप यावे आणि सुखरूप बाळंत व्हावे, एवढाच त्यामागचा हेतू होता, आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, या दांपत्याने पुढे दत्तक घेतला. गुप्तता ही त्या आसऱ्यातली पहिली गोष्ट होती. आजच्या कायद्यातही २०२१ पासून स्त्रीचे नाव व माहिती उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत. मग नवऱ्याला बोलावून घेणारा दवाखाना ही गुप्तता कशी पाळणार?

माझी मागणी साधी आहे. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात लावावा लागतो. त्याच धर्तीवर गर्भपाताची मान्यता असलेल्या प्रत्येक केंद्रात ‘सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, पती किंवा नातेवाइकांची सही लागत नाही’ असा ठळक मराठी फलक महापालिकेच्या आरोग्य विभागाने सक्तीचा करावा आणि तक्रारीसाठीचा दूरध्वनी क्रमांक त्यावर द्यावा. आपल्या खासदारांनी याहून मोठे काम हाती घ्यावे. आजही निर्णय डॉक्टरांच्या मतावर अवलंबून आहे. पहिल्या १२ आठवड्यांत तो केवळ स्त्रीच्या मागणीवर व्हावा, अशी दुरुस्ती त्यांनी संसदेत मांडावी.

फलकाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. महापालिकेने मागितला तर त्याच दिवशी नेऊन देईन.

आपली,
एक वाचक, निवृत्त शिक्षिका
सिंहगड रस्ता, पुणे