माळ तेवढी माझ्याकडे द्या

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी रागावून घ्या, मग पुढचं ऐका. काल मी दवाखान्यात पैसे भरून आले. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान. त्याच्या आठ दिवस आधी तुमची बायपास. म्हणजे यंदा वारी नाही. दिंडीतल्या वीणेकरी काकांना मीच फोन केला, तुमच्या तोंडून ते निघालं नसतं.

"माउली बघून घेईल" म्हणालात. बघेलच. पण ७२ च्या दुष्काळात आजी हरिपाठ म्हणायची आणि उजाडायला खडी फोडायलाही जायची, हे तुम्हीच सांगता ना? सुकडी पदरात बांधून आणायची ती. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला, तेव्हा तीही दळतच होती. तीन ठिकाणी ब्लॉकेज घेऊन दिवेघाट चढणं ही श्रद्धा नाही, हट्ट आहे. (आई, वाचून दाखवताना हे वाक्य गाळ.)

पायातली शीर काढून हृदयाला जोडतात. मी डॉक्टरांना म्हटलं, २६ वाऱ्या चाललेला पाय आहे, शीर पक्की निघेल. ते हसले. मला बाहेर येऊन रडू फुटलं. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण मी तुमच्या खांद्यावर बसून पाहिलंय हो.

खोली तळमजल्यावर आहे, संडास खुर्चीचा, खिडकीतून झाड दिसतं. आई रात्री माझ्याकडे झोपेल. म्हशीचं धाकटे काका बघतायत.

एक लिहायला जड जातंय. छातीचं ऑपरेशन, म्हणून गळ्यातली माळ काढावी लागेल. मी दोनदा विचारलं. तेवढे दिवस ती माझ्या गळ्यात राहील. मी आजवर माळ का घातली नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. ती असेपर्यंत मासे बंद, तुमची शपथ.

आता ऐका. गोठ्यात वाकायचं नाही. गोळ्या चिठ्ठीवर आहेत तशाच घ्यायच्या, पारावरच्या सल्ल्याने नाही. कोनाड्यातली तंबाखूची पुडी मला माहीत आहे, ती आजच उकिरड्यावर. आई, रिपोर्टांची पिशवी वरच ठेव, लोणच्याची बरणी आणू नकोस. टाळ मात्र आण. वाजवता नाही येणार तिथे, पण बाबांच्या उशाशी असू देत.

शनिवारी सकाळी सातला गाडी घेऊन येते.

तुमची,
छकुली