जमीन जागेवर, उतारे दोन

प्रिय दादा,

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही “बरं बरं, झोपा आता” म्हणून फोन ठेवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या दुकानातला संगणक जुना, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ ची वाट बंद. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकायचं ठरवलं आणि मुहूर्त धरला तो नेमका दिवाळीच्या तोंडावर. ऐन हंगामात चालत्या मशीनला हात लावू नये, एवढी अक्कल डीटीपीवाल्या बाईला एव्हाना यायला हवी होती.

पेनड्राइव्हवरून मिंट छान सुरू झालं. इन्स्टॉलरने मात्र ५०० जीबीची अख्खी डिस्क कोरी दाखवली. सी नाही, डी नाही. डीमध्ये माझं सगळं: लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, निम्मा लावून झालेला एक दिवाळी अंक. डिस्कचे भाग दाखवणारं जीपार्टेड उघडलं तर त्याने उलट मलाच विचारलं. डिस्कवर जीपीटीच्या (डिस्कचे भाग नोंदवायच्या नव्या पद्धतीच्या) खुणा दिसतात, पण तिच्यासोबत जसा एमबीआर (जुन्या पद्धतीची नोंद) असायला हवा तसा नाही. तर ही जीपीटी आहे का, हो की नाही? आता हे मी कुठून सांगणार! माऊस ‘हो’वर नेला होता, तेवढ्यात तुमची आठवण झाली आणि फोन लावला.

तुम्ही म्हणालात, “हात मागे घ्या. आधी फक्त वाचायचं. डिस्कवर काही लिहायचं नाही.”

मग टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड टाइप करायला लावलंत. सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे भाग, जागच्या जागी! कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसतात आणि इन्स्टॉलरला दिसत नाहीत, हे मला पटेना. तेव्हा तुम्ही सातबारा काढलात. शेतकऱ्याच्या मुलीला याहून सोपं कसं सांगणार? पार्टिशन टेबल म्हणजे उतारा, डेटा म्हणजे जमीन. एमबीआरचा उतारा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असतो आणि त्यातल्या जेमतेम ६४ बाइटांत चार नोंदी मावतात. जीपीटीचा उतारा त्याच्या पुढच्या सेक्टरपासून सुरू होतो आणि त्याची एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. ही डिस्क मी जुन्या बाजारातून घेतली होती. आधीच्या मालकाकडे ती जीपीटी असणार, नंतर कुणीतरी जीपीटी न कळणाऱ्या जुन्या प्रणालीवर तिला एमबीआर केलं आणि मागचा उतारा तसाच राहिला. म्हणजे एका गटाला दोन सातबारे. विंडोजने इतकी वर्षं चालू उतारा पाहिला आणि काम केलं; इन्स्टॉलरच्या हाती दोन्ही लागले आणि तो गोंधळला. आमच्या घरी एका फेरफारापायी वडिलांनी किती हेलपाटे घातलेत ते आठवलं आणि त्या अवस्थेतही हसू आलं.

मला वाटलं, आता एक कमांड की झालं. तुम्ही कसले ऐकता! परत विंडोज चालू करून डीमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला लावलंत. अडीच तास! मधल्या वेळात मी तुमच्यावर मनातल्या मनात चिडले होते, हे आज कबूल करते. कॉपी झाल्यावर त्यातल्या चार फायली खरंच उघडतात का तेही पाहायला लावलंत. नंतर ‘एसएफडिस्क’ या कमांडने चालू टेबलाची नोंद एका मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घेतली. आणि मग कुठे ‘फिक्सपार्ट्स’, असल्या उरलेल्या खुणा साफ करणारा प्रोग्रॅम.

त्याने लगेच ओळखलं: जीपीटीच्या खुणा उरल्यात, पुसू का? “थांबा,” तुम्ही म्हणालात. “एरवी हा प्रोग्रॅम तुम्ही सांगितल्याशिवाय डिस्कवर काही लिहीत नाही. या प्रश्नाला मात्र ‘वाय’ म्हटलं की त्याच क्षणी पुसतो. डिस्कचं नाव परत एकदा वाचून दाखवा.” मी वाचलं. पेनड्राइव्हचं नाव ‘एसडीबी’, आपली ‘एसडीए’. ‘वाय’ दाबलं. काम एका क्षणात झालं, विश्वास बसायला मात्र वेळ लागला. इन्स्टॉलर पुन्हा उघडला आणि सी, डी दोन्ही समोर उभे. रात्रीचा दीड वाजला होता. तुमच्याकडे मागे कुकरच्या शिट्या ऐकू येत होत्या तेव्हा आपण सुरुवात केली होती, म्हणजे तुमचं जेवणही राहिलं असणार. वहिनींची माफी मागते.

अंक वेळेवर छापून झाला. त्याची एक प्रत आणि चकल्यांचा डबा उद्याच्या एसटीने पाठवते आहे. डब्यात एक चिठ्ठीही आहे: दुकानातल्या दुसऱ्या संगणकाचं ‘एलएसबीएलके’. तो अजून विंडोज १० वरच आहे. सवडीने बघा, हात मागेच आहे.

तुमची,
डीटीपीवाली ताई