देवबागच्या होडीवाल्या काकांना, कयाकचा रोल जमला त्याबद्दल मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही हे माहितीये, म्हणून पुतणीला सांगून ठेवलंय वाचून दाखव म्हणून. असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच की आपल्या किनाऱ्यावर आता कयाक (पाय आत घालून बसायची छोटी वल्ह्याची होडी) शिकणारी बरीच पोरं आहेत आणि तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांनाही कळलं पाहिजे.

रोल म्हणजे उलटलेली कयाक आत बसल्या बसल्याच सरळ करायची. कर्लीच्या खाडीत मी तेच शिकत होते, अर्धी वर यायचे आणि पुन्हा पाण्यात, आणि ज्याला विचारावं तो म्हणायचा हातात जोर कमी पडतोय. तुम्ही मात्र माझ्या हातांकडे बघितलंच नाहीत, सरळ कयाक वाळूवर पालथी घातलीत आणि तिच्या बुडावरून, कडांवरून हात फिरवत राहिलात. मग म्हणालात, हिला उलटायला जेवढा जोर लागतो ना, उलटल्यावर सरळ व्हायलाही हिला तसाच जोर लागणार.

उलांडीचं, म्हणजे होडीच्या बाजूला दांड्यांवर बांधलेल्या लाकडाचं, तेच आहे म्हणालात, उलांडी असली की होडी सहजी कलंडत नाही, पण एकदा का पालथी पडली की तीच उलांडी तिला फिरू देत नाही. माझी कयाक 75 सेंटीमीटर रुंद, बूड सपाट, कडा धारदार. बसायला एकदम स्थिर वाटते, पण पालथीही तेवढीच घट्ट बसते, आणि फिरवायला गेलं की त्या कडा बाजूचं पाणी ढकलत जातात. तुम्ही माडाचा ओंडका आणि एक जाड फळी पाण्यात टाकून मला दोन्ही फिरवायला लावलीत तेव्हा हे हातालाच कळलं. ओंडका जागेवर गरकन फिरला कारण गोल वस्तू फिरताना पाण्याला नुसती घासते, फळीला मात्र पाणी बाजूला सारावं लागतं. आणि हेही तुम्हीच दाखवलंत की सपाट बूड एका कोनापलीकडे गेलं की फटकन सरळ होतं, गोल बुडाला मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच जोर लागतो. म्हणजे सपाट कयाक वाईट नाही, तिची अडचण सुरुवातीलाच असते.

वल्ह्याचं तर मी कधीच विसरणार नाही. जेटीच्या पायरीवर बसून तुम्ही पातं पाण्यात धारेवर ओढायला लावलंत, काहीच लागलं नाही. मग आडवं करून हळू ओढायला लावलंत, मग जोरात, तेव्हा खांद्यापर्यंत ओढ जाणवली (वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, हे मी नंतर वाचलं, तुमच्या हाताला ते आधीच माहीत होतं). आणि मग पुढची कड जराशी वर उचलून फिरवायला सांगितलीत, तर पातं आपोआप वर चढायला लागलं. आधार मिळतो तो या चढण्यातून, सरळ खाली दाबलं की पातं बुडतच जातं.

"कमरेन फिरव गो, हातान नको," हे तुमचं वाक्य आता मी सगळ्यांना सांगते. आधी कंबर आणि मांडीने कयाक फिरवायची, अंग पाण्यातच पसरून ठेवायचं, कारण लाईफ जॅकेट घातलेलं अंग पाणी उचलून धरतं. डोकं सगळ्यात शेवटी. 4-5 किलोचं डोकं आधी वर काढलं की ते सगळं वजन आपल्यालाच उचलावं लागतं आणि कयाक परत खाली जाते.

तुम्ही विचारलं होतंत हे रोल करणं कोणी शोधलं. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी. सीलच्या कातड्याच्या अरुंद कयाक, पाणी बर्फासारखं, बाहेर पडलं की जीव गेलाच, त्यामुळे आत बसूनच सरळ होणं भाग होतं. युरोपात एडी हान्स पावलाटा नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने 1927 मध्ये हे स्वतःच शिकून घेतलं.

तुमचं ऐकून मी 55 सेंटीमीटरची, गोल बुडाची, मागचा डेक (पाठीमागचा वरचा भाग) खाली असलेली कयाक घेतली, आता मागे रेलून वर येता येतं आणि रोल दोन्ही बाजूंनी होतो. जुन्या रुंद कयाकमध्येही होतो काका, तेवढी कंबर जास्त लागते!

ग्रीनलंडवाल्यांचं वल्हं अरुंद पात्याचं, अख्खं लाकडाचं असतं. नारळी पौर्णिमेनंतर मी येतेय, तसं एक तासून द्याल का? लाकूड कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, माझ्या हाताचं माप पुतणीकडे पाठवते.